थर्ड इयरची तोंडी परीक्षा परत आणा: आयर्लंडच्या शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणमंत्री, आयर्लंड सरकार
मा. अध्यक्ष व सदस्य, राष्ट्रीय अभ्यासक्रम व मूल्यमापन परिषद
मा. अध्यक्ष व सदस्य, राज्य परीक्षा आयोग

विषय: इंग्रजी माध्यमाच्या माध्यमिक शाळांतील आयरिश भाषेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा

सादर नमस्कार.

हे पत्र आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी भाषकांचे आहे. आमच्यात माध्यमिक शाळांत भाषा शिकवणारे आहेत, तोंडी परीक्षांचे काम जवळून जाणणारे आहेत आणि मुलांच्या दप्तरातली आयरिशची पुस्तके रोज उघडणारे पालकही आहेत. याचा इंग्रजी मसुदा आपल्याकडे वेगळा येईलच. मराठीत लिहायचे कारण असे की, आयरिश हा काही आपला प्रश्न नाही असे समजून ती न शिकण्याच्या सवलतीचा अर्ज भरून मोकळी होणारी घरे आमच्यात बरीच आहेत. त्यांनीही हे वाचावे. लिव्हिंग सर्टच्या, म्हणजे शाळेच्या शेवटी होणाऱ्या राज्य परीक्षेच्या, विषयांच्या यादीत मराठीला जागा नाही, आणि ती मागण्यासाठी हे पत्र नाही.

आमचे म्हणणे एकच आहे: ज्याला गुण असतात तेच वर्गात शिकवले जाते. त्यामुळे मुले आयरिश बोलावीत असे खरोखर वाटत असेल, तर गुण बोलण्याला द्या, ते वेळेवर द्या, आणि घोकून मिळणार नाहीत अशा रीतीने द्या. खालचा सगळा तपशील या एका वाक्याचाच आहे.

२०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे लिहिले, म्हणजे साधारण ४० टक्के. शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७१,९६८. किती चांगली बोलता, हा प्रश्न त्या वर्षी प्रथमच विचारला गेला, आणि ‘येते’ म्हणणाऱ्यांपैकीच निम्म्याहून जास्त जणांनी ‘नीट नाही’ या पर्यायावर खूण केली. ‘फार चांगली’ म्हणणारे दहांत एक. मुलांना वेळ कमी मिळतो म्हणून असे झाले, असे कोणी म्हणू नये. १९९९ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली दोन वर्षे आठवड्याला अडीच तास आणि पुढची सहा वर्षे साडेतीन तास आयरिशला होते. वर्षाचे १८३ दिवस धरले तर कागदावर साडेनऊशे तास होतात. त्यावर ज्युनिअर सायकलचे, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या तीन वर्षांचे, किमान २४० आणि सिनिअर सायकलचे, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांचे, १८० तास. बेरीज तेराशेच्या पुढे जाते. युरोपीय भाषांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्था बी-२ पातळीसाठी (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली चौथी), म्हणजे ती भाषा घरी बोलणाऱ्याशी फारसे न अडखळता बोलण्यासाठी, साधारण ५०० ते ६५० तास धरतात. आयरिश त्या भाषांहून अवघड आहे असे मानून आकडा दीडपट केला, तरी तेराशे तास पुरून उरतात.

मग हे तास जातात कुठे? तीस मुलांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांचा तास घ्या. शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत आणि मुले एकामागून एक बोलली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८० सेकंद येतात. प्रत्यक्षात शिक्षक बोलतात, हजेरी होते, गृहपाठ तपासला जातो, फळ्यावरचे उतरवून घेतले जाते. मूल दिवसाला एखादे वाक्य बोलले तरी नशीब. जोड्या लावून बोलायला लावणे हाच यावर उपाय आहे आणि तो प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. पण जोडीने बोलण्यात गोंगाट होतो, धडा मागे पडतो, आणि त्याचा एकही गुण थर्ड इयरच्या, म्हणजे ज्युनिअर सायकलच्या शेवटच्या वर्षाच्या, निकालात दिसत नाही. मग जोड्या लावणार कोण?

इथेच २०१७ च्या बदलाचा हिशेब मांडायला हवा. त्याआधी ज्युनिअर सर्टला, म्हणजे थर्ड इयरच्या राज्य परीक्षेला, शाळा स्वेच्छेने तोंडी परीक्षा घेऊ शकत असे आणि तिला ४० टक्के गुण होते. ती सक्तीची नव्हती, सगळ्या शाळा ती घेतही नसत, पण जिथे ती होती तिथे सेकंड इयरपासून वर्गात आवाज असे. सप्टेंबर २०१७ पासूनच्या नव्या आराखड्यात ती गेली. तिच्या जागी वर्गातली दोन मूल्यमापने आली, एक भाषेचा पोर्टफोलिओ आणि एक संवादाचे काम. त्यांचा निकाल शब्दांत येतो, अपेक्षेप्रमाणे, अपेक्षेपेक्षा वरचढ, असा. अंतिम श्रेणीत तो मोजला जात नाही. अंतिम परीक्षा दोन तासांची, ऐकणे, वाचणे आणि लिहिणे यांची. म्हणजे नव्या आराखड्याच्या पहिल्या पानांवर संवाद आहे आणि श्रेणी मात्र कागदावर मिळते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि मग इतर मंडळांच्या काही तुकड्यांना नुसती श्रेणी, एकूण गुणांत धरायची नाही, अशी सूट मिळाली. तेव्हा त्या तासांचे काय होते ते आमच्यातल्या अनेकांच्या भाच्या-पुतण्यांनी पाहिलेच आहे. सक्ती वेळापत्रकात राहते, अभ्यास दुसऱ्या विषयाचा होतो.

म्हणून पहिली मागणी: थर्ड इयरला राज्याची, गुण असलेली तोंडी परीक्षा, ३० ते ४० टक्क्यांची. ‘परीक्षक कुठून आणायचे?’ हा आपला पहिला प्रश्न असणार आणि तो रास्त आहे. लिव्हिंग सर्टच्या तोंडी परीक्षा ईस्टरच्या सुट्टीत हलवाव्या लागल्या, कारण परीक्षेला शिक्षक गेले की त्यांच्या शाळेतले वर्ग ओस पडतात. शिवाय आपल्याच विद्यार्थ्यांना राज्याच्या प्रमाणपत्रासाठी गुण द्यायला दोन्ही शिक्षक संघटनांचा विरोध आहे, आणि तो आम्हाला पटतो. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. शेजाऱ्याच्या मुलाला कमी गुण द्यायची वेळ कोणावर आणू नये.

तरी गणित करून पाहा. ६०,००० मुले धरली आणि प्रत्येकाला दहा मिनिटे दिली तर १०,००० तास होतात. तेच जोडीने घेतले, दोन मुले समोरासमोर आणि जोडीला पंधरा मिनिटे, तर ७,५०० तास. दिवसाला पाच तास काम धरले तर १,५०० परीक्षक-दिवस. तीनशे परीक्षकांनी एक आठवडा दिला की काम संपते. परीक्षक शेजारच्या शाळेतला असावा, आपल्या शाळेतला नको. प्रत्येक जोडीचे ध्वनिमुद्रण व्हावे आणि त्यातला दहावा हिस्सा आयोगाने पुन्हा ऐकून गुण पडताळावेत. जोडीची पद्धत नुसता वेळ वाचवायला नाही. परीक्षकासमोर एकटे बसलेले मूल प्रश्नाची वाट पाहत राहते; मित्रासमोर बसले की त्याला स्वतः प्रश्न विचारावा लागतो, ऐकले नाही तर ‘पुन्हा सांग’ म्हणावे लागते. एक मूल गप्प आणि दुसरे बडबडे अशी जोडी जमली तर काय, ही अडचण खरी आहे. त्यासाठी शेवटची तीन मिनिटे परीक्षकाने गप्प मुलाशी एकट्याशी बोलण्यासाठी राखून ठेवावीत. आणि ओझे वाढू नये म्हणून वर्गातले संवादाचे काम रद्द करावे, लेखी पेपर दोन तासांचा दीड तास करावा. पोर्टफोलिओ राहू द्यावा, तो बरा आहे.

आता लिव्हिंग सर्ट. इथे तोंडी परीक्षेला २०१२ पासून ४० टक्के आहेत, ६०० पैकी २४०, आणि हा निर्णय उत्तमच होता. पण खोलीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. पंधरा मिनिटांची भेट. नमस्कार-चमत्काराला ५ गुण. मग नेमलेल्या पाच कवितांपैकी एकीतल्या काही ओळी मोठ्याने वाचायच्या, ३५ गुण. मग चित्रमालिका, जिला इथे सगळे ‘स्रा पिक्त्यूर’ म्हणतात, ८० गुण. मग गप्पा, १२० गुण. चित्रमालिका म्हणजे सहा चौकटींची गोष्ट. मूळ योजनेत अशा २० गोष्टी होत्या, कोविडच्या काळात १० केल्या. पालथ्या ठेवलेल्या कागदांतून एक उचलायचा आणि गोष्ट सांगायची; मग परीक्षकाला तीन प्रश्न विचारायचे, त्याच्या तीन प्रश्नांना उत्तरे द्यायची. सगळ्या गोष्टी वर्षभर आधी माहीत असतात. शिकवण्यांच्या नोट्समध्ये त्यांची चौकटवार वाक्ये छापून मिळतात, आणि मुले ती फोनवर मुद्रित करून बसमध्ये ऐकत पाठ करतात. एक वाक्य निसटले की पुढची चौकट समोर दिसत असूनही गाडी अडते, कारण मूल चित्र पाहतच नसते, डोक्यातली ओळ शोधत असते. कविता आणि चित्रे मिळून ११५ गुण, म्हणजे तोंडी परीक्षेचा जवळजवळ निम्मा भाग, अशा रीतीने एकही नवे वाक्य न जुळवता पार पडतो. उरलेल्या गप्पासुद्धा घर, परिसर, शाळा, छंद, गेली सुट्टी या ठरलेल्या रुळांवरून नेता येतात. हुशार मुलांना परीक्षकाला तिकडे कसे वळवायचे ते पक्के शिकवलेले असते.

घोकंपट्टीचा दोष मुलांचा नाही, शिक्षकांचा तर नाहीच. जे आधी ठाऊक आहे ते पाठ करणे हा शहाणपणाच आहे. सायन्स शाखेला जाणारी मुलगी आयरिशला आठवड्याला चार तास देणार असेल, तर ते ८० खात्रीच्या गुणांवर घालवणारच.

दुखण्याचे दुसरे मूळ साहित्यात आहे. हायर लेव्हलच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, दुसऱ्या पेपरात ३० गुण गद्याला, ३० कवितेला, ४० जादा साहित्याला, एकूण १००. प्रश्न बहुतेक पात्राचा स्वभाव, कवितेची मध्यवर्ती कल्पना, कवीची भावना असे. ज्या मुलाला दुकानात दूध मागता येत नाही, ते कवितेतल्या रूपकावर पानभर आयरिश लिहिते, कारण ते पान त्याला कोणीतरी दिलेले असते. साहित्य वाचणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही ज्ञानेश्वर-तुकारामांवर वाढलेली माणसे आहोत. पण भाषा येण्याआधी साहित्याची परीक्षा घेतली की दोन्ही हातचे जातात. पहिल्या पेपरातल्या निबंधाचे, त्या १०० गुणांचे, तेच. शिक्षणव्यवस्था, घरांची टंचाई, तरुणांचे प्रश्न असे चार-पाच निबंध तयार ठेवायचे आणि विषय कसाही आला तरी त्यांतला एक त्यावर बसवायचा.

यावर आमचा प्रस्ताव गुणांसकट असा आहे. एकूण ६०० तेच राहू द्या. साहित्याचे १०० गुण या विषयातून काढा. त्यांतले ६० तोंडी परीक्षेला आणि ४० ऐकण्याला द्या. मग तोंडीला ३००, ऐकण्याला ६० ऐवजी १००, वाचण्याला १००, लिहिण्याला १०० असे होते. दोन पेपरांची गरज उरत नाही, एकाच दिवसात लेखी परीक्षा होते. लिहिण्याच्या १०० गुणांत एक मोठा निबंध नको. दीडशे-दोनशे शब्दांचे दोन मजकूर असावेत, आणि दोन्ही समोर दिलेल्या एखाद्या बातमीला, पत्राला किंवा तक्त्याला धरून. आधी लिहून ठेवलेला निबंध तिथे चिकटवता येत नाही. वाचनात एखादी न पाहिलेली छोटी कविता खुशाल द्या, पण अर्थ विचारा, रसग्रहण नको.

तोंडीच्या ३०० गुणांत: न पाहिलेला पाच-सहा ओळींचा मजकूर मोठ्याने वाचणे, २०. न पाहिलेली चार चित्रे, दोन मिनिटे विचाराला, मग सांगणे, ६०. एक प्रसंग निभावणे, ७०: उदाहरणार्थ, उमेदवाराकडे बसचे वेळापत्रक आहे, परीक्षकाकडे भेटीची वेळ आहे, दोघांनी मिळून कोणती बस घ्यायची ते ठरवायचे. गप्पांना १५०, आणि त्यांत परीक्षकाने उमेदवाराच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढला पाहिजे, असा लेखी नियम. ‘मला हर्लिंगचा खेळ आवडतो’ म्हणाला की पुढचा प्रश्न नियम बदलायचे झाले तर कोणता बदलशील, असा. चित्रे न पाहिलेली दिली की सुरुवातीची दोन वर्षे गुण घसरतील. ओरड होईल. त्यासाठी गुणदानाच्या पट्ट्या आधीच सैल कराव्या लागतील: चूक वाक्य पण अर्थ पोचला, तर निम्म्याहून जास्त गुण. आज मुले चुकण्याच्या भीतीने पाठ केलेले शुद्ध वाक्य बोलतात. उद्या अशुद्ध पण स्वतःचे बोलली तर ते पुढचे पाऊल समजावे.

साहित्याचे काय? त्याचा स्वतंत्र, ऐच्छिक विषय करा. गणित सगळ्यांना आणि ज्यांना हवे त्यांना अप्लाइड मॅथ्स, ही सोय आपल्याच लिव्हिंग सर्टमध्ये आहे. कॉलेजप्रवेशासाठी उत्तम सहा विषयांचे गुण धरतात, तेव्हा आयरिश साहित्य घेणाऱ्याला त्याचे गुण मिळतील. हा विचार नवा नाही. कोनरा ना गेलगेसारख्या भाषासंस्था दोन विषयांची मागणी पूर्वीपासून करत आल्या आहेत. लहान शाळांना हा विषय चालवणे परवडणार नाही, हे खरेच आहे. तिथे दोन-तीन शाळांनी मिळून संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग चालवावा लागेल, आणि तरीही काही मुलांची संधी जाईल. हा तोटा आम्ही पत्करतो, कारण आजची पद्धत सगळ्यांचेच नुकसान करते.

याच ठिकाणी गेलखोलाश्तेंचा, म्हणजे आयरिश माध्यमाच्या माध्यमिक शाळांचा, आणि गेलताख्तमधल्या, म्हणजे आयरिश बोलल्या जाणाऱ्या भागांतल्या, मुलांचा प्रश्न येतो. ज्युनिअर सायकलला त्यांचा आराखडा वेगळा, टी-१. इंग्रजी माध्यमाचा टी-२. लिव्हिंग सर्टला मात्र कॉनमारात घरी आयरिश बोलणारी मुलगी आणि डब्लिनच्या उपनगरातला मुलगा एकच पेपर लिहितात. एकाला तो फार सोपा, दुसऱ्याला फार अवघड. २०२१ च्या मसुद्यात परिषदेने टी-१ आणि टी-२ वेगळे सुचवले, ते बरोबर होते, पण टी-१ ला जादा मोबदला काहीच नव्हता. अवघड पेपर घेऊन तेवढेच गुण मिळत असतील तर आयरिश शाळेतले मूलसुद्धा टी-२ कडेच वळेल. हायर लेव्हल गणिताला २५ बोनस गुण दिल्यावर काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. मुलांचा ओढा तिकडे वळला. टी-१ ला तसाच बोनस द्या. नाहीतर टी-१ काढूच नका.

ऐकण्याचे गुण ४० ने वाढवायचे म्हणतो त्यामागे बोलींचे कारण आहे. साधे ‘कसा आहेस’ घ्या. मन्स्टरकडे ‘कोनस अता तू’, कोनाख्तमध्ये ‘केन ख्वी विल तू’, डोनेगॉलमध्ये ‘काजे मार अता तू’. ज्या मुलाने सहा वर्षे एकाच शिक्षकाचा आवाज ऐकला, ते परीक्षेच्या ध्वनिफितीत डोनेगॉलचा माणूस बोलू लागला की पेन खाली ठेवते. उपाय स्वस्त आहे. फर्स्ट इयरपासून आठवड्यातून दोनदा, तासाच्या सुरुवातीला तीन मिनिटे रेडिओ ना गेलताख्त किंवा टीजी-फोर या आयरिश वाहिन्यांचा तुकडा. एक आठवडा एक बोली, पुढच्या आठवड्यात दुसरी. आधी लिखित मजकूर देऊ नये, एकदा ऐकवावे, कोणते तीन शब्द कळले ते विचारावे, मग मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकवावे. असे तुकडे, मजकुरासह, पातळीनुसार लावून विभागाने एका ठिकाणी ठेवले तर प्रत्येक शिक्षकाचे रविवारचे दोन तास वाचतील.

कान आधी तयार हवा याला व्याकरणाचेही कारण आहे. मराठीत घोड्याचे शेपूट बदलते, ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते. आयरिशमध्ये शब्दाचे डोके बदलते. ‘बाद’ म्हणजे होडी, माझी होडी ‘मो वाद’, आपली होडी ‘आर माद’. पहिल्या बदलाला शेव्हू म्हणतात, दुसऱ्याला उरू. लिहिताना मूळचा ब तसाच राहतो आणि त्याला ह किंवा म चिकटतो, त्यामुळे वाचणारे मूल शब्दकोशात ‘म’ खाली शोधत बसते आणि शब्द सापडत नाही. हे नियम आज तक्ता करून शिकवले जातात: कोणत्या शब्दानंतर शेव्हू, कोणत्यानंतर उरू, अपवाद कोणते. मराठी मुलाला सामान्यरूपाचा तक्ता कोणी देत नाही, तरी ते चार वर्षांचे होईतो ‘घोडाला’ म्हणायचे सोडते, कारण ते हजारदा ऐकलेले असते. फर्स्ट इयरला पहिले दहा आठवडे तक्ता बाजूला ठेवून माझे-तुझे-आपलेची वीस-पंचवीस जोडरूपे नुसती तोंडात बसवावीत. तक्ता ख्रिसमसनंतर आणावा, मुलांनी जे आधीच बोलले आहे त्याचे नाव सांगायला.

फर्स्ट इयरची आणखी एक अडचण: वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून आलेली मुले एका वर्गात बसतात. एकाला भूतकाळ येतो, दुसऱ्याला रंगांची नावेही येत नाहीत. मग पुन्हा सगळ्यांसाठी ‘माझे घर, माझे कुटुंब’ पासून सुरुवात होते, आणि ज्यांना येत होते ती मुले नोव्हेंबरपर्यंत कंटाळतात. मेनूथ विद्यापीठाची ए-१ ते सी-१ अशी आयरिशची युरोपीय धर्तीची परीक्षा आहेच. तीच शिडी शाळांना लावा: प्राथमिकच्या शेवटी ए-१, थर्ड इयरला ए-२, सिक्स्थ इयरला ऑर्डिनरी, म्हणजे साध्या पातळीसाठी बी-१, हायरसाठी बी-२. सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत वीस मिनिटांची चाचणी घ्यावी, आणि निदान दोन गट करावेत. गट करणे वेळापत्रकाला जड जाते. दोन शिक्षकांचे तास एकाच वेळी लावावे लागतात. आयरिशचे शिक्षक आधीच अपुरे आहेत, त्यामुळे हे सगळ्या शाळांत पहिल्याच वर्षी होणार नाही.

आता सवलतीविषयी, आमच्या मराठी वाचकांनी नीट वाचावे. २०२२ च्या परिपत्रकानुसार जे मूल सलग तीन वर्षे या देशातल्या शाळेत नव्हते आणि प्रवेशाच्या वेळी बारा वर्षांचे झाले आहे, त्याला आयरिशमधून सूट मिळू शकते. वाचन-लेखनाच्या गंभीर अडचणी असतील, म्हणजे चाचणीत गुण खालच्या दहा टक्क्यांत असतील, तरीही मिळू शकते. माध्यमिक शाळांत आज दहा मुलांमागे एकाहून जास्त मुलांना सूट आहे. सूट मिळाली की काय होते? आयरिशच्या तासाला मूल मागच्या बाकावर दुसरा गृहपाठ करते. पुढे प्राथमिक शिक्षक व्हावेसे वाटले तर दार बंद, कारण तिथे लिव्हिंग सर्टच्या आयरिशमध्ये एच-४, म्हणजे हायर लेव्हलची निदान चौथी श्रेणी, लागते. नॅशनल युनिव्हर्सिटीच्या महाविद्यालयांत, म्हणजे डब्लिनचे यूसीडी, कॉर्क, गॉलवे, मेनूथ इथे, प्रवेशासाठी आयरिश लागते. देशाबाहेर जन्मलेल्यांना तिथेही सूट आहे, पण तिचा अर्ज वेगळा, शाळेच्या सवलतीने ती आपोआप मिळत नाही. आणि २०२१ च्या दुरुस्त भाषा-कायद्याप्रमाणे २०३० च्या अखेरीपर्यंत सरकारी संस्थांतल्या नव्या भरतीत २० टक्के लोक आयरिश जाणणारे हवे आहेत. बाराव्या वर्षी केलेली सही अशी बाविसाव्या वर्षी आडवी येऊ शकते.

विभागाला सांगायचे ते असे की, ‘पूर्ण अभ्यासक्रम’ आणि ‘काहीच नाही’ यांच्या मध्ये एक पायरी हवी. ज्युनिअर सायकलमध्ये १०० तासांच्या शॉर्ट कोर्सची सोय आहे. चिनी भाषा व संस्कृतीचा तसा कोर्स आहेच. त्याच साच्यात बोलण्यापुरत्या आयरिशचा कोर्स काढा, शून्यातून ए-१ पर्यंत, लेखी परीक्षा नाही. उशिरा आलेल्या मुलाला तो झेपतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलालाही झेपतो, कारण वाचायला त्रास होणे म्हणजे बोलायला त्रास होणे नव्हे. आज दोघांना एकाच दाराने बाहेर काढले जाते. बाहेरून आलेल्या मुलाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. इंग्रजीच्या तासाला स्थानिक मुले त्याच्या कितीतरी पुढे असतात. आयरिशच्या तासाला बहुतेक सगळेच शिकाऊ असतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि कानावर हिंदी असलेले मूल तिसऱ्या-चौथ्या भाषेला बिचकत नाही. त्याला त्या वर्गातून उठवून वाचनालयात बसवणे हा त्याच्यावर उपकार नाही.

गेलताख्तमधल्या तीन आठवड्यांच्या उन्हाळी शिबिरांनी जे साधते ते वर्गात वर्षभरात साधत नाही, हे कोणीही शिक्षक सांगेल. पण त्यांना हजार युरोंच्या आसपास किंवा त्याहून जास्त खर्च येतो, म्हणून ती परवडणाऱ्यांचीच राहतात. थर्ड इयरच्या तोंडी परीक्षेला गुण आले की ही दरी आणखी रुंदावेल. ज्याच्या आईबापांकडे पैसे आहेत तो शिबिराला जाऊन गुण घेऊन येईल. म्हणून तोंडी परीक्षा आणताना त्याच अंदाजपत्रकात कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शिबिराचे पूर्ण अनुदानही हवे. एक आणले आणि दुसरे नाही, असे करू नये.

शेवटी एक धोक्याची सूचना. सिनिअर सायकलच्या नव्या धोरणात प्रत्येक विषयाला किमान ४० टक्के गुण लेखी परीक्षेबाहेरच्या कामाला द्यायचे ठरले आहे. आयरिशला ते तोंडी परीक्षेने आजच पूर्ण होतात. त्यावर आणखी एक लेखी प्रकल्प चढवू नका. घरी लिहायचा आयरिश प्रकल्प आता कोण लिहितो, मूल की फोनमधला एआय, हे कोणालाही ओळखता येणार नाही, आणि ज्या घरी शिकवणी लावायची ऐपत आहे तिथले काम आणखी सफाईदार असेल. २०२२ मध्ये लिव्हिंग सर्टच्या आयरिशचा पहिला पेपर एक वर्ष आधी, फिफ्थ इयरच्या शेवटी, घ्यायची घोषणा झाली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ती पुढे ढकलावी लागली. भाषा पिकायला लागणारे वर्ष कापण्याची ती कल्पना शिक्षकांना आधी विचारले असते तर निघालीच नसती.

म्हणून अंमलबजावणीचा क्रमही लिहून देतो. पहिल्या वर्षी तीस-चाळीस शाळांत थर्ड इयरच्या जोडीच्या तोंडी परीक्षेचा प्रयोग. त्यांत निदान दहा शाळा अशा असाव्यात जिथे आयरिशचा एकच शिक्षक आहे, कारण योजना तिथेच मोडतात. दुसऱ्या वर्षी गुणपट्ट्या दुरुस्त करणे आणि परीक्षकांचे प्रशिक्षण, एकेक दिवसाचे, सगळ्यांनी एकच ध्वनिफीत ऐकून गुण देण्याचे, आणि फरक पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत पुन्हा देण्याचे. तिसऱ्या वर्षी फर्स्ट इयरला दाखल होणाऱ्या तुकडीपासून नवी पद्धत, म्हणजे पहिली परीक्षा त्यानंतर तीन वर्षांनी. लिव्हिंग सर्टचा बदल त्याच तुकडीला लागू करावा, आधीच्या कोणालाही नको. आणि त्या तुकडीचा पहिला तास सुरू होण्याआधी निदान एक वर्ष, शाळांच्या हाती नमुना पेपर आणि गुण दिलेल्या तोंडी परीक्षांच्या वीस ध्वनिफिती द्याव्यात: उत्तम, मध्यम, काठावर पास आणि नापास, चारही प्रकारच्या, तिन्ही बोलींतल्या, आणि प्रत्येकीला ते गुण का दिले याचे एक पान सोबत जोडून.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपले,
आयर्लंडमधील मराठी भाषक शिक्षक व पालक